सहा इंचांवरचं गवत

ओहायोत टोलीडोच्या बाहेर, जिथे पूर्वी मका आणि सोयाबीन होत असे, तिथे मेपल रन नावाची वसाहत आहे. एकसारखी घरं, एकसारख्या टपालपेट्या आणि प्रत्येक घरापुढे एकसारखी हिरवळ. त्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र एका घरापुढचं गवत पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. त्यात पिवळी रानफुलं माजली होती, आणि एक ससा दिवसाढवळ्या तिथे मुक्कामाला आल्यासारखा बसलेला असे. घर कुणाचं, तर अर्लीन डुडेकचं. जुन्या रहिवाशांपैकी कुणाला हे सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. कारण अख्ख्या वसाहतीचं गवत मोजत हिंडण्यात जिचं निम्मं आयुष्य गेलं, ती बाई हीच.

सोसायटीचा नियम साधा होता. पुढच्या अंगणातलं गवत सहा इंचांच्या वर जाऊ द्यायचं नाही. ज्यांनी नियम केला ते नियम करून आपापल्या घरी गेले, आणि तो राबवायचं काम अर्लीनच्या गळ्यात पडलं. खरं तर पडलं कसलं, तिने ते हौसेने घालून घेतलं. तिच्याकडे शाळेतली एक लाकडी फूटपट्टी होती, सहाच्या आकड्यावर नेलपॉलिशने लाल रेघ ओढलेली. एप्रिल लागला की शनिवारी सकाळी बाई कॅनव्हासचे बूट चढवून निघायची, आणि लोक पडद्याआडून एकमेकांना सांगायचे, "आली, फूटपट्टी आली." तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पण एक गोष्ट तिने भर मीटिंगमध्ये भांडून नियमावलीत घालून घेतली होती. नोटीस पाठवायच्या आधी कमिटीतल्या कुणीतरी त्या घरी जाऊन दार वाजवायचं. "कागद पाठवायच्या आधी माणसाचं तोंड बघा," ती म्हणाली होती. "कुणी मजा म्हणून गवत वाढवत नाही. आत काहीतरी बिनसलेलं असतं." अध्यक्षांना जेवायची घाई होती, त्यांनी मान्य करून टाकलं. तेव्हापासून अर्लीन एका हातात फूटपट्टी आणि दुसऱ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला केळ्याचा ब्रेड घेऊन लोकांच्या दारात उभी राहायची. लोक आधी तोंड वाकडं करायचे, मग ब्रेडकडे बघायचे, मग म्हणायचे, ये आत. अशी तिने वसाहतीतली बहुतेक स्वयंपाकघरं पाहिली. कुणाची नोकरी गेलेली, कुणाची बायको गेलेली, कुणाची फक्त पाठ धरलेली. एकदा तर तिने स्वतःच्या नवऱ्यालाच नोटीस दिली. वॉली मासे पकडायला गेला आणि आठवडाभर तिकडेच रमला. परत येऊन घरात टेकला, तर बायको हातात कागद घेऊन बाहेर उभी राहून दार वाजवतेय. "कोण आहे?" त्याने आतून विचारलं. "सोसायटी," ही म्हणाली. तो किस्सा वॉली मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचा.

आणि कोपऱ्यावरचा ऑर्व्हिल टेट. काचेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एकटा, तोंडाने तिखट. दर वर्षी मे महिन्यात पहिलं गवत वाढायचं ते याचं.

"ऑर्व्हिल, तुझ्या गवतात गाय शिरली तर सापडायची नाही," अर्लीन दारातूनच म्हणायची.

"शिरली तर राहू दे. दूध तरी मिळेल. तू तर नुसती पट्टी घेऊन येतेस."

"उद्या कापायचं. समजलं?"

"परवा कापतो. बस आता."

ती बसायची, तो कॉफी ओतायचा, तास-दोन तास इकडचं तिकडचं निघायचं, आणि गवत खरोखरच परवा कापलं जायचं. घरी आल्यावर ती वॉलीला सांगायची, "आळशी आहे मेला. दर वर्षी तेच." मग एका हिवाळ्यात ऑर्व्हिल गेला. त्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं आणि त्यांचं गवत यंत्रमानव कापतो.

पुढे कमिटीत बसायला कुणी मिळेना. सगळ्यांना कामं. तेव्हा सोसायटीने कारभार शहरातल्या एका कंपनीकडे सोपवला, आणि फूटपट्टी गॅरेजमधल्या खिळ्याला लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी, पानगळीत, वॉली गेला.

तो गेला तेव्हा लोकांनी काही कमी केलं नाही, हे सांगायलाच हवं. पंधरवडाभर बेल वाजत होती. नूडल्सची, बटाट्याची, चीजची भांडी आली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर घरवाल्यांचं नाव. अर्लीनने ती सगळी लख्ख घासून ज्याची त्याला पोचवली. नंतर तिला वाटलं, आपण किती मूर्ख, एखादं तरी ठेवून घ्यायचं होतं. मागायला कुणी आलं असतं. कारण शेवटचं भांडं गेलं आणि बेल थांबली ती थांबलीच. तिथे असंच आहे. माणूस मेलं, मूल झालं, नवं बिऱ्हाड आलं, तर लोक येतात आणि मनापासून येतात. पण नुसतंच, काही कारण नसताना, कुणी कुणाच्या घरी जात नाही. तो दुसऱ्याच्या वेळेवरचा डल्ला समजतात.

मुलगा ग्रेग अ‍ॅरिझोनात. रविवारी गाडी चालवता चालवता फोन करायचा.

"आई, गवत कोण कापतंय?"

"कापते मी."

"कशाला मरायचं त्यात? आमच्याकडे बघ, गवतच नाही. सगळीकडे खडी टाकलीय. भानगडच नको."

"खडीवर ससा येतो का?"

"काय?"

"काही नाही. गाडी नीट चालव."

ती खोटं बोलत होती. तिने गवत कापलं नव्हतं. हात-पाय चालत होते, यंत्रही चालू व्हायचं, मग का नाही, तर सुरुवातीला खरंच काही कारण नव्हतं. वॉली पट्टे पाडून कापायचा, एक फिकट एक गडद, आणि त्या पट्ट्यांवर आपण आडवंतिडवं यंत्र फिरवायचं हे तिच्या जिवावर आलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग एका सकाळी तिने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या सवयीच्या डोळ्यांनी माप घेतलं. सहा इंचांच्या वर. आता कुणीतरी येणार, असं तिच्या मनात आलं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटलं. कारण नोटिशीआधी दार वाजवायचा नियम अजून नियमावलीत होता. कंपनी असली म्हणून काय झालं, नियम तो नियम.

त्या दिवसापासून बाई वाट बघू लागली. न्याहारी झाली की केस नीट करायची. केळी मुद्दाम काळी पडू द्यायची, ब्रेडला तशीच लागतात. गवत वाढत होतं आणि तिला ते रोज थोडं जास्त आवडत होतं.

एक दिवस खरोखरच पांढरी गाडी तिच्या दारासमोर थांबली, गाडीच्या अंगावर कंपनीचं चिन्ह. अर्लीनने कॉफीचं बटण दाबलं, अ‍ॅप्रन काढला, आरशात बघितलं आणि दार उघडून पायरीवर आली. गाडीची काच खाली झाली. आतून एक हात बाहेर आला, हातात फोन. गवताचा एक फोटो, घराच्या क्रमांकाचा एक फोटो. तिने हात वर केला. फोनमागच्या माणसाला वाटलं असेल की म्हातारी रागावली. त्याने घाईघाईने काच वर घेतली आणि गाडी निघून गेली. ती हात तसाच धरून थोडा वेळ उभी होती. आत कॉफी पूर्ण भांडंभर झाली होती, ती तिने सिंकमध्ये ओतली.

चार-पाच दिवसांनी कागद आला. 'प्रिय घरमालक.' नावसुद्धा नाही. तिची तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन लावला.

"नमस्कार, मी ब्रिआना बोलतेय. मी आपली काय मदत करू शकते?" पलीकडचा आवाज अगदी कोवळा होता.

"माझं गवत वाढलंय," अर्लीन म्हणाली.

"हो मॅडम, फोटो आहे माझ्यासमोर. एक ससा पण दिसतोय. गोड आहे."

"मग माणूस कधी येणार?"

"कोण माणूस, मॅडम?"

"नोटिशीच्या आधी दार वाजवायला माणूस यायला हवा. नियमावलीत आहे ते. मीच घातलंय."

कळफलकाचा आवाज झाला. "हो, आहे खरं. सौजन्यभेट. ती आता सौजन्य-ईमेल झालीय, मॅडम. तुम्हाला गेली असेल."

"ईमेलला मी कॉफी कशी पाजू?"

"सॉरी, मॅडम?"

"काही नाही. आता पुढे काय होणार?"

"येत्या गुरुवारपर्यंत गवत कापलं नाही, तर आमचा माणूस येऊन कापून जाईल."

"तो दार वाजवेल?"

"नाही नाही, मॅडम, काळजी करू नका," ब्रिआना मायेने म्हणाली. "तुम्हाला जराही त्रास होणार नाही. तो आला कधी नि गेला कधी, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

दुसऱ्याला त्रास होऊ नये याची या लोकांना इतकी काळजी, की माणूस घरात मरून पडला तरी त्याची झोपमोड नको म्हणून हे चवड्यांवर चालतील. पण अर्लीनने फोन ठेवला तो हसत. दार वाजवो न वाजवो, गुरुवारी माणूस येणार होता. जिवंत, घाम येणारा माणूस. एवढं माजलेलं गवत काही एका दमात कापून होत नाही. मधे यंत्र बंद करावंच लागतं, आणि तेवढ्यात लिंबाचं सरबत घेऊन बाहेर गेलं की तो नाही म्हणणार नाही. तिने लिंबं आणली. बुधवारी सकाळी ब्रेड भाजून ठेवला आणि दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, कारण ती वेळ आधीच घेतलेली होती.

डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे तिने हळूहळू गाडी चालवत आणली. आपल्या गल्लीत वळल्यावर तिला वाटलं, आपण घर चुकलो. मग टपालपेटीवरचा क्रमांक पाहिला. घर तिचंच होतं. पुढे हिरवळ होती, सपाट, नीटनेटकी, फुटपाथच्या कडेने धारदार रेघ मारल्यासारखी कापलेली. कापलेलं गवतही कुणी भरून नेलं होतं. पिवळी फुलं नव्हती, ससा नव्हता, आणि आजूबाजूला कुणीही नव्हतं. नुसता ताज्या गवताचा वास सुटला होता. ती गाडीतून उतरून त्या हिरवळीच्या कडेला उभी राहिली.

कुणी कापलं हे शोधायला फार अक्कल लागली नाही. यंत्राच्या चाकांना चिकटलेलं गवत रस्त्यावर सांडत गेलं होतं, थेट समोरच्या मॅक्नॅबांच्या गॅरेजपर्यंत. ब्रेंट आणि केंड्रा मॅक्नॅब, एक लहान मुलगी, एक मोठा कुत्रा. भली माणसं. रस्त्यावरून हात करायची.

आभार मानणं आलंच. अर्लीनने तो ब्रेड उचलला आणि रस्ता ओलांडला. खोटं कशाला बोला, तिच्या मनात थोडी आशा होती. ब्रेड नेला की लोक आत बोलावतात, हा तिचा अनुभव होता.

दार केंड्राने उघडलं. कानात हेडफोन, एका गुडघ्याने कुत्र्याला मागे रेटून धरलेलं. "अय्या, मिसेस डुडेक!"

"अर्लीन म्हण गं. ब्रेंटने माझं गवत कापलं ना? हे घे. केळ्याचा आहे, अक्रोड घातलेत."

"कशाला एवढा त्रास घेतलात! छोटीला अक्रोड चालत नाही आमच्याकडे. पण राहू दे, ब्रेंट ऑफिसात नेईल. ब्रेंट!" मग ती हेडफोनमध्ये म्हणाली, "हो, ऐकतेय मी, बोला."

ब्रेंट आतून तोंड पुसत आला. घरात मसालेदार खिम्याचा वास सुटला होता. संध्याकाळच्या जेवणाची वेळ होती.

"एवढं काम केलंस, मला एक हाक तरी मारायचीस," अर्लीन म्हणाली. "मी सरबत केलं असतं."

"म्हणून तर नाही मारली," तो हसला. "तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं झालं असतं. आम्ही दोन-तीन आठवडे बघत होतो, पण म्हटलं, त्यांना कसं विचारायचं. शेवटी केंड्रा म्हणाली, त्यांची गाडी बाहेर गेली की उरकून टाक. त्यांना कळायच्या आत."

"बघत होतात तुम्ही."

"हो. वॉली गेल्यानंतर तुम्हाला जड जात असणार. आता तुम्ही गवताचा विचारच सोडा. दर शनिवारी आमचं कापतो तेव्हा तुमचंही कापून टाकेन. तुम्हाला बाहेर यायचीसुद्धा गरज नाही. ते नोटीसवाले आता तुमच्या वाटेला येणार नाहीत."

"किती चांगले आहात रे तुम्ही," अर्लीन म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. तीच तर पंचाईत होती. वाईट असते तर रागावता आलं असतं.

"काही लागलं तर सांगा हं," केंड्रा म्हणाली. कुत्रा पुन्हा दाराशी घुसला आणि दार मिटलं.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसली. डोळ्यांतल्या औषधामुळे दिव्याभोवती गोल कडं दिसत होतं. टेबलावर सरबतासाठी आणलेली लिंबं होती. 'काही लागलं तर सांगा.' काय सांगायचं होतं? आत येऊन बसा, एवढंच. ते वाक्य तिने आयुष्यात कुणाला सहज म्हटलं नव्हतं. लोकांच्या घरी ती कायम गेली ती पट्टी घेऊन. पट्टीशिवाय कुणाच्या दारात कसं उभं राहायचं हे तिला येतच नव्हतं, आणि ते शिकायचं वय गेलं होतं. आता गवतही गेलं. दर शनिवारी एक भला माणूस येऊन ते कापून जाणार होता, बाहेरच्या बाहेर. तिला फार एकटं वाटलं. वॉली गेला त्या दिवसापेक्षाही जास्त, कारण त्या दिवशी घरात माणसं होती.

मग कसं कोण जाणे, तिला ऑर्व्हिलचं स्वयंपाकघर आठवलं. दार वाजवून ती आत जायची तेव्हा कॉफी तयार असायची. आणि ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले असायचे. ती यायच्या आधीच. दर वर्षी मे महिन्यात, दोन कप. इतकी वर्षं तिने ते पाहिलं होतं आणि त्याला आळशी म्हटलं होतं.

"अरे लबाडा," ती मोठ्याने म्हणाली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि आपल्याला बघायला कुणी नाही म्हटल्यावर तिने ते आवरलं नाही.

सकाळी उठली ती गॅरेजमध्ये गेली. गवत गेलं, तर मोडायला दुसरा एखादा नियम हवा होता. नियमावली तिला तोंडपाठ होती, कुठलं पान काढायला नको. कचऱ्याचे डबे रस्त्यावर ठेवायचे नाहीत. पण डबे ब्रेंट ढकलून आत ठेवील. कुंपण साडेतीन फुटांच्या वर न्यायचं नाही. आता कुंपण कुठून आणायचं? ती फळीवरच्या खोक्यांपुढे थांबली. नाताळची सजावट जानेवारीच्या मध्यानंतर दिसता कामा नये. खोक्यात वॉलीने घेतलेलं मोठं हिरवं तोरण होतं, गोल, त्याला विटलेली लाल रिबीन. दारावर लावायचं.

तिने ते बाहेर आणलं, दाराला लावलं, चार पावलं मागे जाऊन बघितलं. जूनच्या तोंडावर नाताळ. भाजून काढणाऱ्या उन्हात ते तोरण अगदी निर्लज्ज दिसत होतं. तिला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की हेही कामाचं नाही. ती बाहेर गेली की भली माणसं येतील, तोरण अलगद काढतील, नीट गॅरेजपाशी ठेवतील आणि चवड्यांवर परत जातील.

घराला दोन दारं होती, आत लाकडाचं आणि बाहेर थंडीवाऱ्याचं काचेचं. तिने तोरण काढलं आणि काचेच्या दाराला आतल्या बाजूने लावलं. रस्त्यावरून ते तितकंच दिसत होतं. पण आता ते काढायचं तर काचेचं दार उघडायला हवं होतं, आणि त्याची कडी तिने आतून लावली. लाकडी दार तिने सताड उघडं ठेवलं. आतून तिला तोरणाची मागची बाजू दिसत होती, नुसत्या तारा आणि गाठी, आणि त्यांच्या मधल्या गोलातून समोरचा रस्ता.

तिने कॉफी ठेवली. ओट्यावर दोन कप काढले. मग खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसली.